व्हीलचेअरवरच्या लेकीला घेऊन सोलापूरहून थीम पार्कला: दिवस कसा आखायचा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी 13 वर्षांची, सेरेब्रल पाल्सीमुळे (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे) दोन्ही पायांत ताठरपणा, वजन 34 किलो, घराबाहेर कायम व्हीलचेअर. धाकटा भाऊ 9 वर्षांचा, सोबत सासूबाई. खोपोलीचं इमॅजिका करावं की हैदराबादची रामोजी फिल्म सिटी, आणि दिवसभर तिला घेऊन फिरणं झेपेल का? घरातले काही जण म्हणतात, तिला कशाला दगदग, दोन दिवस मावशीकडे ठेवा.

शेवटच्या मुद्द्याचं उत्तर आधी देते. तिला ठेवून जाऊ नका. 13 वर्षांच्या मुलीला सगळं कळतं. भाऊ परत येऊन राइडच्या गोष्टी सांगणार आणि ती ऐकत बसणार, हे तिच्या मनात फार खोल जातं. मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून अशा मुलांबरोबर वर्षानुवर्षं काम करते आहे, आणि सहलीची दगदग दोन दिवसांत उतरते हे मी पाहिलंय.

आता मुख्य गोष्ट. लोक पहिल्यांदा विचारतात की पार्कात रॅम्प आहे का, व्हीलचेअर मिळते का. हे विचारायचंच, पण दिवस बसतो की कोसळतो ते वेगळ्याच आकड्यावर ठरतं: दिवसभरात तिला किती वेळा उचलावं लागणार. कागद घ्या आणि मांडा. सकाळी पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून गाडीत, गाडीतून पुन्हा खुर्चीत, या 3 खेपा. संध्याकाळी याच उलट्या, आणखी 3. दिवसात तीनदा शौचालय म्हटलं तर बसवणं-उठवणं धरून 6. म्हणजे एकही राइड न करता 12 खेपा झाल्या. त्यावर प्रत्येक राइडमागे 2. चार राइड केल्या की 20. 34 किलोच्या हिशोबाने तुम्ही दोघांनी मिळून 680 किलो उचललं, तेही वाकून, अरुंद जागेत, मागे रांग खोळंबलेली असताना. दुपारी तीनच्या सुमाराला नवराबायकोत भांडण का होतं, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

म्हणून खेपा वाचवायच्या कुठे आणि खर्च करायच्या कुठे, हे घरीच ठरवा. गाडीच्या, हॉटेलच्या, शौचालयाच्या खेपा जितक्या कमी होतील तितक्या करा आणि वाचलेली ताकद तिला आवडणाऱ्या राइडवर घाला.

याच हिशोबाने ठिकाण निवडा. सोलापूरहून दोन्हीकडे अंतर 300 किलोमीटरच्या वर, म्हणजे प्रवास सारखाच. रामोजी हैदराबादच्या पलीकडे, विजयवाड्याच्या बाजूला आहे. आपल्या सोलापुरातल्या सात रस्ता चौकातून निघालेला माणूस त्याच 65 नंबरच्या राष्ट्रीय महामार्गावर राहतो, पण मध्ये अख्खं शहर येतं, त्यामुळे बाहेरच्या रिंग रोडने वळसा घालावा लागतो. ते सोडा. खरी अडचण आतली आहे. रामोजी 1666 एकरांवर पसरलेली, आतला फेरफटका बसने. सेट बघायचा की बसमधून उतरायचं, पुन्हा चढायचं. प्रत्येक थांब्याला 2 खेपा, त्याही बसच्या पायऱ्यांवरून, आणि पायरीवरून उचलणं सपाट जागेपेक्षा फार धोक्याचं. तुम्हाला तिथेच जायचं असेल तर बुकिंगआधी फोन करून विचारा की पायरीशिवाय चढता येईल असं वाहन मिळेल का, स्वतःची गाडी आत कुठपर्यंत चालेल. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आपल्या पद्मशाली कुटुंबांना तेलुगू येत असल्याने तिथे विचारपूस सोपी जाते, हा फायदा आहेच. रिंग रोडलगत रविर्यालला वंडरला नावाचं पार्क पण आहे, मात्र तिथे पाण्याच्या राइडचा वाटा मोठा. ओल्या फरशीवर ताठर पायांच्या मुलीला उचलणं मला पहिल्या सहलीला तरी नको वाटतं.

इमॅजिका 2013 साली सुरू झालं. तिथे राइड एकमेकींच्या जवळ आहेत, खुर्ची ढकलत एकीकडून दुसरीकडे जाता येतं. डोंगरपायथ्याचा भाग आहे, त्यामुळे थोडा चढउतार धरून चला. माझा सल्ला, पहिली सहल खोपोलीची करा. पण पावसाळ्यात नको. सोलापूरच्या माणसाला तिथल्या पावसाचा अंदाज येत नाही. खुर्चीच्या कड्या, म्हणजे चाकांवरच्या हाताने फिरवायच्या रिंगा, ओल्या झाल्या की हात घसरतो, आणि मोकळ्यावरच्या राइड पावसात थांबवतात. नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी, मधल्या वारी, शाळेला एक दिवस दांडी मारून. दिवाळीच्या सुट्टीत जाऊच नका. गर्दीत खुर्चीवरच्या मुलीला दिवसभर फक्त लोकांच्या पाठी आणि पिशव्या दिसतात.

जायचं कसं? रेल्वेची सवलत चांगली आहे. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग व्यक्तीला सेकंड क्लास, स्लीपर, थर्ड एसी आणि एसी चेअर कारमध्ये 75 टक्के सूट मिळते, तेवढीच एका सोबत्यालाही. त्यासाठी रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र आधी काढून ठेवायचं. पण खेपा मोजा. सोलापूर स्टेशनला डब्यात चढवणं, पुण्याला उतरवणं, तिथून टॅक्सीत, टॅक्सीतून खाली. शिवाय तुमची खुर्ची डब्यातल्या बोळातून जात नाही, म्हणजे दारापासून सीटपर्यंत हातावर. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने जायचा विचार असेल आणि तिला फिट येण्याचा त्रास असेल, तर मी नको म्हणेन. अपुरी झोप हे फिट येण्याचं एक मोठं कारण आहे.

गाडी बरी. फक्त भाड्याची गाडी ठरवताना एक प्रश्न विसरू नका: डिकीत सीएनजीची टाकी आहे का? असेल तर घडी घातलेली खुर्चीसुद्धा मावत नाही, आणि हे कळतं सकाळी पाच वाजता, सगळं सामान दारात आल्यावर. दुसरं, सीटची उंची. व्हीलचेअरची बैठक जमिनीपासून साधारण 48 ते 50 सेंटीमीटरवर असते. गाडीची सीट तेवढीच असेल तर तिला सरकवता येतं. उंच एसयूव्हीत उचलून वर चढवावं लागतं. ड्रायव्हरला आदल्या दिवशी गाडी घेऊन बोलवा आणि एकदा बसवून बघा. पुण्यात किंवा लोणावळ्यात मुक्काम टाकून दुसऱ्या दिवशी पार्क करा. पहाटे निघून त्याच दिवशी पार्क असा बेत धडधाकट पोरांचा, तुमचा नाही.

हॉटेल घेताना "व्हीलचेअर चालेल ना?" असं विचारलं की सगळे "हो हो" म्हणतात. त्यांच्या मनात मुख्य दार असतं. तुम्ही बाथरूमच्या दाराची रुंदी टेपने मोजून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. मोठ्या माणसाच्या मापाची साधी व्हीलचेअर 64 ते 66 सेंटीमीटर रुंद असते. आपल्याकडे बाथरूमची दारं पुष्कळदा दोन फुटांची, म्हणजे 61 सेंटीमीटर. खुर्ची दारातच अडते. तुमच्या खुर्चीचं माप कड्यांसकट घेऊन ठेवा. बाथरूमच्या उंबऱ्याला पायरी आहे का, कमोड आहे का, बाजूला खुर्ची लावायला जागा आहे का, हेही विचारा. इमॅजिकाच्या लगतच हॉटेल आहे. ते महाग पडतं खरं, पण खुर्ची ढकलत पार्कात जाता येत असेल तर गाडीच्या 4 खेपा वाचतात. त्याची किंमत दुपारनंतर कळते.

आता खुर्चीकडे या. निघण्याआधी आठवडाभर तिची नीट तपासणी करा. पुढच्या छोट्या चाकांच्या आसाला केस आणि धागे गुंडाळलेले असतात. ज्यांच्या घरात यंत्रमाग किंवा शिलाईकाम आहे तिथे तर सुताचा गोळाच निघतो. चाक जड फिरतं आणि आपल्याला वाटतं रस्ता खराब आहे. ब्लेडने धागे कापा, चिमट्याने ओढून काढा, थेंबभर तेल द्या. मागची चाकं हवेची असतील तर सायकलच्या दुकानात हवा भरा आणि मग ब्रेक तपासा. हवा कमी असली की ब्रेकची दांडी टायरला घट्ट दाबत नाही, खुर्ची ब्रेक लावूनही सरकते. हातावर घेतलेली मुलगी आणि सरकती खुर्ची, माझ्याकडे येणारी कितीतरी कुटुंबं याच क्षणी पडतात. पायदाणी आणि बैठकीचे स्क्रूही आवळून घ्या.

चढावर पुढे तोंड करून ढकला. तीव्र उतारावर खुर्ची उलटी फिरवा, तुम्ही उताराच्या बाजूला राहा आणि मागे मागे उतरा. रॅम्पचा सरकारी मापदंड 1:12 असा आहे, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. त्यापेक्षा उभा रॅम्प दिसला तर एकटीने जाऊ नका, दुसरा माणूस समोर हवा.

उचलण्याची पद्धत. ताठरपणा असलेल्या मुलांचं शरीर घाईत, थंडीत, दचकल्यावर धनुष्यासारखं मागे ताणलं जातं. त्या क्षणी जोर लावून उचलायला गेलात तर ती हातातून निसटेल आणि तुमची कंबर जाईल. आधी तिला सांगा, "आता उचलतेय." मग एक हात पाठीमागे, दुसरा गुडघ्यांखाली, आणि गुडघे-कंबर हळूहळू वाकवून पाच सेकंद थांबा. ताण ढिला होतो. मग उचला. दंडाला धरून ओढायचं नाही, पाय धरून तर अजिबात नाही. वर्षानुवर्षं उभं न राहिलेल्या पायांची हाडं ठिसूळ असतात, पिळवटली तर मोडू शकतात.

त्याहून महत्त्वाचं: ती स्प्लिंट (पायाला आधार देणारा साचा) घालून, आधार धरून चार-पाच सेकंद उभी राहू शकते का? राहत असेल तर उचलायची गरजच निम्मी होते. खुर्ची सीटला तिरकी लावायची, ब्रेक लावायचे, पायदाण्या बाजूला करायच्या, तिला पुढे सरकवून उभं करायचं, वळवायचं, बसवायचं. सहलीआधी तीन आठवडे घरच्या सोफ्यावर रोज याचा सराव घ्या. तिच्यासाठी हा व्यायाम आहे आणि त्यामागे या वेळी कारणही आहे. "पाळण्यात बसायचंय ना, मग उभी राहा" म्हटल्यावर मुलं जे करून दाखवतात, ते माझ्या टेबलावर महिनोन्महिने होत नाही.

रंगीत तालीमही करा. जानेवारीत जाणार असाल तर संक्रांतीच्या सुमाराला होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरतोच. गर्दी, धूळ, भोंगे, पाळणे, सगळं आहे. दुपारी लवकर जा, तीन-चार तास थांबा. ती आवाजाला किती दचकते, पाठ कधी दुखायला लागते, तहान सांगते का, लघवीला किती वेळाने लागते, याची नोंद ठेवा. गड्ड्यातल्या आकाशपाळण्यात बसवू नका, तिथल्या बैठकांना तिच्या पाठीला पुरेसा आधार नसतो. सहल त्याआधी असेल तर तालमीला सिद्धेश्वर तलावाकाठचा एखादा रविवारही चालेल.

पार्कात शिरल्यावर सगळ्यात आधी मदतकक्षात जा. यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) आणि डॉक्टरांचं छोटं पत्र जवळ असू द्या. तिथे एक प्रश्न नक्की विचारा: "ही राइड मध्येच बंद पडली तर माणसांना खाली कसं आणता?" कितीतरी राइडमध्ये उत्तर असतं की अरुंद जिन्याने चालत. म्हणून ऑपरेटर चालता न येणाऱ्याला नाही म्हणतो. ते कारण खरं आहे, तिथे वाद घालू नका. नायट्रोसारख्या रोलर कोस्टरमध्ये पाय अधांतरी लोंबकळतात. ताठर पाय आणि कमकुवत मान असलेल्या मुलीला ते योग्यच नाही. नावेच्या राइडमध्ये बैठक खुर्चीपेक्षा खाली असते आणि नाव हलते, म्हणून चढवताना दोघं जण असायलाच हवेत. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत कंबरेचा खुबा सरकलेला असू शकतो, आणि तो वरून दिसत नाही. गेल्या वर्षभरात एक्स-रे झाला नसेल तर आधी अस्थितज्ज्ञांना दाखवा आणि धक्क्याच्या राइडबद्दल त्यांनाच विचारा. फिटचा त्रास असेल तर झगमगत्या दिव्यांचे शो टाळा. आणि ताठरपणा कमी करणारं बॅक्लोफेन हे औषध चालू असेल तर प्रवासात एकही डोस चुकता कामा नये, ते एकदम बंद करणं धोक्याचं असतं.

उंचीचं मापही घरीच घ्या. गेटवर काठी असते आणि गुडघे वाकलेली मुलगी तिथे बुटकी ठरते. तिला सपाट झोपवून टाचेपासून गुडघा, गुडघ्यापासून खुबा, खुब्यापासून डोकं असं तुकड्यातुकड्याने मोजा आणि आकडा डॉक्टरांच्या पत्रात लिहून घ्या. अंतिम निर्णय ऑपरेटरचा, पण बोलायला आधार मिळतो.

मात्र कुणी "व्हीलचेअरवाल्यांना नको, बाकीच्यांना त्रास होतो" असं म्हणालं तर ऐकून घेऊ नका. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने भेदभावाला मनाई आहे. शांतपणे नियम लेखी मागा, वरिष्ठांना बोलवा. तिच्यासमोर आवाज चढवू नका, पण माघारही घेऊ नका. आई आपल्यासाठी बोलते, हे तिने पाहिलं पाहिजे.

दिव्यांगांना सामावून घेणारं पार्क जगात घडवून दाखवलेलं आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात 2010 साली मॉर्गन्स वंडरलँड नावाचं पार्क उघडलं. गॉर्डन हार्टमन या बापाने आपल्या दिव्यांग लेकीला नजरेसमोर ठेवून ते उभारलं. तिथे खुर्चीसकट बसता येईल असा फिरता पाळणा आहे, खुर्चीसकट झोका आहे, आणि दिव्यांगांना प्रवेश मोफत. 2017 मध्ये शेजारीच पाण्याचं पार्क झालं, तिथे दाबाच्या हवेवर चालणाऱ्या, भिजल्या तरी न बिघडणाऱ्या व्हीलचेअर देतात. परत आल्यावर तुम्ही जिथे गेलात त्या पार्कला मेल लिहा. काय जमलं, काय अडलं, कुठल्या राइडला एक फळी टाकली असती तर भागलं असतं, हे नेमकं लिहा.

शौचालयाचं मोकळेपणाने बोलू. 13 वर्षांची मुलगी आहे, आडोसा हवाच. दिव्यांगांसाठीचं शौचालय कुठे आहे ते नकाशावर पहिल्यांदा बघा. डायपर बदलायचं असेल तर प्रथमोपचार कक्षातला पलंग वापरू देतात का विचारा. फरशीवर झोपवण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं, तिच्यासाठी आणि तुमच्या कंबरेसाठी. पाळीची तारीख बघूनच सहल ठरवा. आणि लघवीला न्यावं लागेल म्हणून पाणी कमी पाजू नका. खोपोलीची हवा दमट. घाम वाळत नाही, थकवा लवकर येतो.

बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तिला गिळायला त्रास असेल तर तसं पत्रात लिहून घ्या आणि दहीभात, मऊ खिचडी न्या. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मोठ्यांच्या डब्यात. कोरडी चटणी अशा मुलांना ठसका लावते.

सोलापुरी टॉवेल मात्र तीन-चार घ्या. एक गुंडाळून कंबरेच्या मागे, दोन बाजूंना म्हणजे ती कलंडत नाही, एक ओला करून मानेवर. बसायच्या जागेखाली टॉवेल घालू नका. घडीची कड कातडीवर रुतते आणि तिथेच जखम होते. दर अर्ध्या तासाने तिला पुढे वाकवून, बाजूला झुकवून मिनिटभर मोकळं करा. रात्री पाठ, माकडहाड, टाचा बघा. लालसर डाग अर्ध्या तासात गेला नाही तर दुसऱ्या दिवशी त्या भागावर भार नको.

राइड कुठल्या, हे तिला निवडू द्या. आधी मोबाईलवर व्हिडिओ दाखवा, चार नावं तिच्या तोंडून येऊ द्यात. त्यातल्या दोन झाल्या तरी दिवस तिचा. उरलेल्या वेळात शो, जिथे ती खुर्चीतच बसून बघेल आणि एकही खेप लागणार नाही. शोच्या आधी अर्धा तास पुढची जागा धरा, नाहीतर उभ्या लोकांमागे तिला काही दिसत नाही.

भावालाही त्याचे दोन तास द्या, पूर्ण. वडील आणि तो मोठ्या राइडवर, तुम्ही दोघी आणि सासूबाई सावलीत, मग अदलाबदल. बहिणीपायी आपलं काहीच होत नाही असं त्याला वाटता कामा नये, आणि तिच्याकडे बघून त्याने अपराधीपणाने हसू नये. सासूबाईंना एका जागी बसवा, सामान त्यांच्याजवळ, आणि भेटायची जागा तीच ठेवा.

चार वाजता थांबा, राइड उरल्या असल्या तरी. दमल्यावर ताठरपणा वाढतो आणि शेवटच्या खेपा सगळ्यात धोक्याच्या असतात. हॉटेलवर कोमट पाण्याची आंघोळ, मग पिंडऱ्या आणि मांड्यांना रोजचं ताणण्याचं, सावकाश. परतीचा प्रवास दुसऱ्या दिवशी, आणि सोलापूरला पोचल्यावर पुढचा एक दिवस शाळा नको. निघण्याआधी तिला एकदा घेऊन या, उभं राहून वळण्याचं मी तुम्हा दोघांनाही शिकवते. वडिलांनी यायलाच हवं, कारण पार्कात जास्त खेपा त्यांच्याच वाट्याला येणार आहेत.